अक्काचं गेट कुणी उघडलं

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, दादाजवळही नाही — दादाला यातलं अर्धं ठाऊक आहे, पण जे अर्धं जास्त वाईट आहे ते त्यालाही ठाऊक नाही. तुमची-माझी ओळख नाही, तुम्ही माझ्या घरी कधी येणार नाही, म्हणून कदाचित जमेल. बघतो.

कुठून सुरू करू? अक्कापासूनच करतो.

अक्का माझी थोरली बहीण. आमचं गाव अणदूर. आई गेली तेव्हा मी चौथीत होतो आणि अक्काचं तेरला नुकतंच लग्न झालं होतं. आईचं तेरावं उरकून ती सासरी निघाली, तेव्हा माझी दोन चड्ड्या-शर्टांची पिशवी तिनंच भरली आणि मला सोबत घेऊन गेली. भाऊजींनी दारात मला बघितलं, किती दिवसांसाठी वगैरे काही विचारलं नाही. विहिरीवर नेऊन हातपाय धुवायला लावले, एवढंच. दादा बापाच्या हाताखाली शेतीत राहिला. मी तेरलाच वाढलो. अक्का झेडपीच्या शाळेत बाई होती. तिला मूल झालं नाही. लोक म्हणायचे, भाऊच तिचा पोरगा. मला ते ऐकायला फार आवडायचं. आधीच सांगून टाकतो — पुढं मी जे केलं, त्यात या आवडीचा मोठा हात आहे.

भाऊजी अचानक गेले. शेतातून आले, पाणी मागितलं आणि पाणी येईस्तोवर गेले. तोवर मी धाराशिवला तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला लागलो होतो. अक्काला म्हणालो, आमच्याकडं चल. ती आली नाही. तिची शाळा होती, घर होतं — आणि शोभाताई होती. शोभाताई म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. शेतकऱ्याची बायको, शाळा फार शिकलेली नाही. भाऊजी गेल्यावर कितीतरी दिवस ती स्वतःचं घर सोडून अक्काजवळ झोपायची. मी भाऊ होतो ना? मी रविवारी येऊन जायचो.

मग अक्का शाळेच्या पायरीवरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. आत रॉड घातला, महिनोन्‌महिने पलंगावर. मला वाटलं, आता माझी विद्या तिच्या कामाला येऊ दे.

तुम्हाला थोडं सांगावं लागेल काय केलं ते. बोटाच्या दोन पेरांएवढे मायक्रोकंट्रोलरचे बोर्ड मिळतात. आमची पोरं शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला तेच वापरतात. पंख्यामागं एक, बाहेरच्या खोलीच्या दिव्यामागं एक, गीझरला एक, पाण्याच्या मोटारीला एक. कोनाड्यात एक लहानशी डबी, या सगळ्यांची म्होरकी. अक्काचा फोन आणि माझा फोन त्या डबीशी थेट बोलायचे. बाजारात मिळतात त्या वस्तूंमध्ये कुठल्यातरी कंपनीचा कॉम्प्युटर मधे बसलेला असतो, तुमच्या घरात काय चालू काय बंद ते त्याला कळत असतं. मी तो मधला काढून टाकला होता. याचा मला अभिमान होता — अजूनही, खरं सांगायचं तर, थोडा आहे. अक्काला मी म्हणालो होतो, तुझ्या घरातलं घरातच राहील, बाहेरच्या कुणाला कळायचं नाही. ती म्हणाली, तू केलंयस म्हटल्यावर मला काय विचारायचंय.

टाकी भरली की अक्का पलंगावरून मोटार बंद करायची, आणि खिडकीतून वर टाकीकडं बघून हसायची. शाळेतली पोरं ते बघायला यायची.

आणि गेट. लोखंडी गेटाला मी विजेचं कुलूप बसवलं. आतून बटण, नाहीतर अक्काचा फोन, नाहीतर माझा. शोभाताईचा फोन साधा, आणि भाकरी घेऊन दोन्ही वेळा तीच यायची. म्हणून तिला एक चिमुकला रिमोट दिला, गाडीच्या किल्लीला असतो तसा. तिनं तो कमरेच्या किल्ल्यांत अडकवला. म्हणजे अक्का सोडली तर बाहेरून ते गेट उघडू शकणारी माणसं दोनच — शोभाताई आणि मी.

अक्का बरी झाली, काठी सुटली, शाळेत जायला लागली. यंत्रणा राहिली. आणि माझी सवयही राहिली.

कसली सवय? बघण्याची. स्टाफरूममध्ये चहा पिता पिता फोन उघडायचा. गीझरचा ठिपका हिरवा — अक्का उठली. मोटारीचा हिरवा — पाणी आलं. बाहेरचा दिवा — कुणीतरी बसलंय. सुरुवातीला काळजीनं बघत होतो, हे खरं आहे. पण काळजी कधी संपली आणि पहारा कधी सुरू झाला, ते मला सांगता येणार नाही. तिला वाटायचं, ती सांगेल तेव्हाच मी हे सगळं फोनवर बघतो.

दसऱ्यानंतरचे दिवस होते, ऊन चटचट लागत होतं. अक्का सकाळी फोनवर म्हणाली होती, शाळेतल्या बायांबरोबर तुळजापूरला निघालेय. दुपारी मी सहज बघितलं, तर बाहेरच्या खोलीतला पंखा चालू. विसरली असेल म्हणून मी इथून बंद केला. क्षणात पुन्हा चालू. मी बंद केला. पुन्हा चालू. आता सांगा, शहाण्या माणसानं इथं काय करायला हवं होतं? मी तिसऱ्यांदा बंद केला.

अक्काचा फोन आला. "विनू, पंखा आपोआप बंद पडतोय रे. जरा बघ की."

मी विचारलं, तुळजापूरला नाही गेलीस? न्हाय गेले, म्हणाली, शाळेतल्या बायाच इकडं आल्यात. तिच्यामागं कुणीतरी खोकललं. तो खोकला बाईचा नव्हता.

त्या वेळी मला काय झालं ते नीट सांगतो, कारण पुढं लोकांनी — म्हणजे दादानं — याला घराण्याची अब्रू वगैरे नावं दिली. माझ्या मनात अब्रू नव्हती. जिनं मला पिशवीसकट उचलून आणलं, ती माझ्याशी खोटं बोलली, आणि इतक्या सहज बोलली — एवढंच होतं. मला कुणीतरी घराबाहेर काढून आतून कडी लावल्यासारखं वाटलं. मी फसवला गेलोय, असं वाटलं. मी, जो तिला न सांगता तिच्या घरात रोज डोकावत होतो, तो.

पुढच्या रविवारी न कळवता तेरला गेलो. बसमधून उतरून चालत गल्लीच्या तोंडाशी आलो, तर शोभाताईच्या दारात एक मोटरसायकल लावलेली. थोड्या वेळानं अक्काच्या गेटातून एक गृहस्थ बाहेर आले. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. बरोबर अक्का आणि शोभाताई. शोभाताई काहीतरी बोलली आणि अक्का हसली — भाऊजी गेल्यापासून मी तिला तसं हसताना बघितलं नव्हतं. गृहस्थ शोभाताईच्या दारातली मोटरसायकल घेऊन गेले. गल्लीला वाटावं, ते शोभाताईकडंच आले होते.

मी गल्लीतूनच मागं फिरलो.

त्यांचं नाव नंतर कळलं. इंगळे सर, शेजारच्या गावात शिक्षक, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. आपल्यातले नव्हते — तुम्ही विचाराल म्हणून सांगतो. पण मला परतीच्या बसमध्ये इंगळे सर टोचत नव्हते. शोभाताई टोचत होती. अक्कानं तिला सांगितलं. मला नाही. शेजारणीला सांगितलं आणि मला तुळजापूर सांगितलं.

हा राग घेऊन मी अणदूरला गेलो. खंडोबाचं दर्शन घेतलं आणि देवळातून बाहेर पडता पडता दादाला सगळं सांगितलं. दादा अक्काला नीट समजावेल असं मला वाटलं होतं का? नाही. दादाचा राग मी लहानपणापासून ओळखतो. मला ठाऊक होतं तो काय करेल, आणि म्हणूनच सांगितलं. मला ते स्वतःच्या हातानं करायचं नव्हतं.

दादाचं म्हणणं एकच होतं, दोघं समोर बसलेली असताना जायचं, म्हणजे नाही म्हणायला जागा राहत नाही. पण गेट वाजवलं की सर मागच्या दारानं निघून जाणार.

तो दिवस आला. शनिवार होता, अक्काची शाळा सकाळची. मार्गशीर्ष लागला होता, बाजारात तुरीच्या हिरव्या शेंगा आल्या होत्या. दुपारी बाहेरच्या खोलीचा ठिपका हिरवा झाला. मी दादाला कळवलं. तो तेरमध्येच एका ओळखीच्याकडं येऊन बसला होता. थोड्या वेळानं त्याचा फोन.

"आत हाय का त्यो?"

"असावा. दिवा चालू आहे."

"गेट?"

मी म्हणालो, "तू पोच. मी उघडतो."

आणि मी उघडलं. वर्गात पोरं प्रयोग करत होती, मी खिडकीपाशी उभा राहून अंगठा टेकवला. स्क्रीनवर गेट उघडल्याची खूण आली. यंत्र एकदम चोख चाललं.

आत काय झालं ते दादानंच मला सांगितलं, मोठ्या तोऱ्यात. अक्का आणि इंगळे सर खाली सतरंजीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. एवढंच. मधे सूप होतं. दादानं सूप लाथेनं उडवलं. सरांना काय काय बोलला ते इथं लिहीत नाही. अक्काला भाऊजींच्या फोटोपुढं उभं केलं आणि सरांच्या देखत विचारलं, ह्याच्यासाठी जिवंत राहिलीस का. सर उठले, अक्काकडं बघत काहीतरी म्हणू लागले, तर तिनंच हातानं त्यांना जायची खूण केली. शोभाताई आवाज ऐकून धावत आली तेव्हा गेट सताड उघडं होतं.

मी इकडं फोनवर ठिपके बघत होतो. बाहेरचा दिवा गेला. पंखा गेला. मग त्या घरात काहीच चालू झालं नाही.

संध्याकाळी अक्काचा फोन आला. तिनं मला घडलेलं सगळं सांगितलं. कुणाला सांगितलं बघा — मला. रडत नव्हती. आवाज अगदी सपाट होता. दादाला कुणी सांगितलं म्हणून तिनं विचारलं होतं, तर तो म्हणाला होता, गावात बोलतात. ते तिला पटलं होतं. तिला कळत नव्हतं ते वेगळंच.

"विनू, गेट मी लावलेलं होतं. कुणी उघडलं रे? तुझ्या यंत्रात दिसतं का?"

हीच ती वेळ होती. एक शब्द पुरला असता. मी फोनमध्ये काहीतरी बघत असल्यासारखं केलं. मग म्हणालो, "दिसतंय. रिमोटनं उघडलंय."

तिनं फोन ठेवला.

तुम्हाला वाटेल, झालं, हीच कबुली. एवढीच असती तर मी कदाचित कधीतरी तिला सांगूही शकलो असतो. घाबरून खोटं बोललो, असं म्हणता आलं असतं. पण याच्यापुढं एक गोष्ट आहे.

अक्कानं शोभाताईला विचारलं. शोभाताई म्हणाली, रिमोट दसऱ्याच्या आधीपासून बंद आहे, दाबलं तर काही होत नाही. तुला चालता येतंय म्हणून म्या काही बोलले न्हाय. अक्काला काय खरं मानावं कळेना. तिनं मला बोलावलं. तू येऊन बघ, म्हणाली, तू सांगशील ते खरं.

मी गेलो. शोभाताईनं कमरेच्या जुडग्यातून रिमोट सोडवून माझ्या हातात ठेवला. जरा उघडून बघतो, असं म्हणून मी तो आतल्या खोलीत नेला, माझ्या हत्यारांच्या पिशवीपाशी. दाबून बघितलं. बारका लाल दिवा लागला नाही. सेल पार मेलेला होता, कडेला हिरवट गंजही चढला होता. शोभाताई खरं बोलत होती, आणि तिच्या खरेपणाचा पुरावा माझ्या तळहातावर होता. बाहेर जाऊन तो नुसता अक्काच्या हातात दिला असता, तरी तिचं तिला कळलं असतं.

माझ्या पिशवीत तसले सेल नेहमी असतात. मी नवा घातला. गंज पुसला. जुना सेल खिशात टाकला.

बाहेर गेटापाशी दोघी उभ्या होत्या, मधे हातभर अंतर ठेवून. मी रिमोट दाबला. कुलूप टक्‌ करून सुटलं. गेट थोडंसं आपोआप सरकलं.

अक्कानं शोभाताईकडं बघितलं. तसं बघणं पुन्हा माझ्या वाट्याला येऊ नये. वीस-बावीस वर्षांची सोबत त्या बघण्यात संपली. शोभाताई मात्र गेटाकडं बघत नव्हती, अक्काकडंही नाही. ती माझ्याकडं बघत होती. मग स्वतःच्या घरात गेली.

मी एवढा वेळ स्वतःला फसवला गेलेला समजत होतो. त्या अंगणात खरोखर फसवल्या गेलेल्या दोन बाया उभ्या होत्या आणि दोघींना फसवणारा एकच होता. मला हे तेव्हाच कळलं. नंतर नाही, तेव्हाच. तरी मी पिशवी आवरली आणि चहा घेऊन निघालो.

संक्रांतीला अक्काकडं गेलो होतो. तिळगूळ दिल्यावर ती आपणहून बोलली. इंगळे सरांनी लांब बदली करून घेतली होती; जाताना भेटलेही नाहीत. ती म्हणाली, तुला दिवाळीनंतर सांगणारच होते रे. धीर होत नव्हता. तूच काय म्हणशील याचीच भीती होती, दादाची नव्हती. रजिस्टर लग्नाला साक्षीदार लागतात — माझ्याकडून तुझंच नाव ठरवलं होतं. शोभीला म्या काही सांगितलं नव्हतं. माझा पाय मोडला तेव्हा सर बघायला यायचे, ती घरातच असायची, तिचं तिनंच ओळखलं.

मग तिनं विचारलं, "शोभीनं असं का केलं असेल?"

आणि मी म्हणालो, "माणसाचं काय सांगता येतं, अक्का."

तेव्हापासून दोघींच्या भिंतीला भिंत आहे, पण बोलणं नाही. शोभाताईच्या पोराचं लग्न झालं. मांडव दोन्ही दारांपुढं होता, अक्का आतून बाहेर आली नाही. अक्काला मध्यंतरी ताप आला, तर शेजारची भाकरी घरात आली नाही. अक्कानंच परत पाठवली होती म्हणे. दादाचं तोंड ती बघत नाही. शाळेतून येते, गेट लावते. सगळ्यांना सांगते, मला विनूशिवाय कुणी नाही.

गेल्या महिन्यात तेरच्या स्टँडवर मी धाराशिवच्या गाडीची वाट बघत होतो. शोभाताई बाजाराची पिशवी घेऊन आली आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. माझ्याकडं न बघता बोलली.

"भाऊ, ती सेल तुमी घातली. म्या त्याच दिवशी वळखलं."

मी पाकिटात सुट्टे पैसे शोधू लागलो.

"तिला सांगणार न्हाय म्या. भिऊ नका. म्या तर तिच्यातनं गेलेच. आता तुमी बी गेलात तर ती कुणाकडं बघंल?"

पदरानं तोंड पुसलं आणि पिशवी उचलून निघून गेली. रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

गाडी आली. मी चढलो. खिडकीशी जागा मिळाली. अक्काचा फोन आला, नीट बसलास का म्हणून. मी म्हणालो, बसलो. तेवढंच बोललो.

ही झाली सगळी गोष्ट. तुम्हाला सांगितली. तिला अजून नाही.